विश्लेषण : एक खून, चार जबान्या... ७५ वर्षांनंतरही ‘राशोमोन’ पाहून घरात वाद का होतो?

‘प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं’ हे सांगायला हमखास ज्या जपानी चित्रपटाचं नाव घेतलं जातं, तो खरंच तसं सांगतो का? हिवरखेडच्या एका घरात सात जणांनी तो पाहिला, तेव्हा काय घडलं?

दिवाळीच्या सुट्टीत अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडला घरी गेलो होतो. एका संध्याकाळी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि अकिरा कुरोसावा यांचा ‘राशोमोन’ लावला. इंजिनीअरिंगला असताना हॉस्टेलवर तो पहिल्यांदा पाहिला होता आणि त्या रात्री खोलीत पहाटेपर्यंत वाद चालला होता. घरी काय होतं, ते पाहायचं होतं.

बघायला सात जण होते. आजी, आई, बाबा, पूर्वी अडतीच्या दुकानात असलेले काका, पोलीस भरतीची तयारी करणारा चुलतभाऊ, अमरावतीला कायद्याचं शिकणारी धाकटी बहीण आणि शेजारचे निवृत्त गुरुजी. भाषा जपानी, खाली इंग्रजी सबटायटल्स. ती वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे होतं. या कामात मी एक चूक केली. ती पुढे येईलच.

(चित्रपट पाहिला नसेल आणि गोष्ट आधी कळू नये असं वाटत असेल, तर इथे थांबा. ८८ मिनिटांचा आहे, बघून या.)

गोष्ट नेमकी काय आहे?

जुन्या क्योटो नगरीच्या पडक्या वेशीखाली, धो-धो पावसात तिघं अडकलेत. एक लाकूडतोड्या, एक भिक्षू आणि एक वाटसरू. लाकूडतोड्या आणि भिक्षू नुकतेच एका खटल्यात साक्ष देऊन आलेत आणि पुरते हादरलेत. जंगलात एक सामुराई मरून पडला होता. तो बायकोला घेऊन चालला होता. ताजोमारू नावाच्या डाकूने त्याला फसवून आत नेलं, बांधलं आणि त्याच्यासमोर त्याच्या बायकोवर बलात्कार केला. त्यानंतर सामुराई मेला. पण कसा? इथून जबान्या फुटतात.

• डाकू म्हणतो : मीच मारला. त्याला सोडलं, तलवार हातात दिली, तेवीस वेळा तलवारीला तलवार भिडली. मर्दासारखा लढला, मर्दासारखा मेला.

• बायको म्हणते : डाकू निघून गेला. नवऱ्याने माझ्याकडे अशा तिरस्काराने पाहिलं की मला ते सोसवेना. हातात खंजीर होता, शुद्ध हरपली. जाग आली तेव्हा खंजीर त्याच्या छातीत होता.

• मेलेला सामुराई म्हणतो (एका अंगात येणाऱ्या बाईच्या तोंडून) : बायकोनेच डाकूला सांगितलं, याला मारून टाक. ते ऐकून डाकूलाही तिची किळस आली. सगळे गेल्यावर मी स्वतःच खंजीर खुपसून घेतला.

• लाकूडतोड्या म्हणतो (कोर्टात नव्हे, वेशीखाली) : तिघंही खोटं बोलतायत. मी झुडपाआडून पाहिलं. डाकू तिच्या विनवण्या करत होता, नवरा तिच्यासाठी लढायला तयार नव्हता. तिनेच दोघांना डिवचलं, मग ते थरथरत, पडत-झडत लढले. मर्दानी काहीच नव्हतं.

एक गोष्ट लक्षात घ्या. पहिल्या तिन्ही जबान्यांमध्ये बोलणारा स्वतःवरच मरण ओढवून घेतो. मी मारलं, माझ्या हातून झालं असेल, मी स्वतःला मारलं. शिक्षेतून सुटण्यासाठी माणूस खोटं बोलतो, हा आपला नेहमीचा हिशेब इथे चालत नाही.

लाइट गेली आणि मतदान झालं

सामुराईची जबानी संपली आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि एक बल्ब. मग त्या उजेडात मी विचारलं, आतापर्यंत कोणाचं खरं वाटतं?

सामुराईला तीन मतं पडली. आजी, बाबा आणि गुरुजी. आजीचा मुद्दा साधा होता : “मेलेलं माणूस कायले खोटं बोलन? त्याले आता काय पाह्यजे?” भावाने डाकूला मत दिलं : “फाशी दिसून राह्यली तरी कबूल करते, मंग तो कायले खोटं बोलन?” आई आणि बहीण बायकोच्या बाजूने होत्या. काकांनी कोणालाच मत दिलं नाही. म्हणाले, “सगळ्यायचे काटे मारेल हायेत.”

लाइट आली. लाकूडतोड्याची गोष्ट झाल्यावर मी मुद्दाम चित्रपट थांबवला आणि पुन्हा विचारलं. आता पाच जण लाकूडतोड्याकडे गेले. गरीब माणूस, कोणाच्या घेण्यात ना देण्यात, त्याला खोटं बोलायचं कारण काय? बहीण बायकोवर ठाम राहिली. काका कोणावरच नाही.

मग मी पुढे चालू केलं. वाटसरू लाकूडतोड्याला विचारतो, तो शिंपल्याची नक्षी असलेला भारी खंजीर कुठे गेला? लाकूडतोड्याची मान खाली जाते. खंजीर त्यानेच पळवलेला असतो. बाबा एकदम म्हणाले, “हात् तिच्या! तं मंग खरं काय झालतं?”

सात माणसांच्या मतदानाला सर्वेक्षण म्हणत नाहीत. पण या चित्रपटाची गंमत यात नीट दिसते. कोर्टाच्या प्रसंगांत न्यायाधीश कधीच दिसत नाही, त्याचा आवाजही ऐकू येत नाही. साक्षीदार थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे तोंड करून बोलतात. न्यायाधीशाची खुर्ची कुरोसावांनी प्रेक्षकाला दिली आहे. आपण कोणावर विश्वास ठेवला आणि का ठेवला, हे मग आपल्यालाच तपासावं लागतं.

चित्रपट बनवणाऱ्यांना तरी कळला होता का?

गोंधळणारे आपण पहिले नाही. कुरोसावांनी आत्मचरित्रात लिहिलंय की शूटिंग सुरू होण्याआधी त्यांचे तीन सहायक दिग्दर्शक त्यांच्याकडे आले आणि पटकथा कळत नाही म्हणाले. माणूस स्वतःबद्दल स्वतःशीही प्रामाणिक राहू शकत नाही, थोडा मुलामा चढवल्याशिवाय त्याला स्वतःविषयी बोलताच येत नाही, असं काहीसं उत्तर त्यांनी दिलं. दोघांचं समाधान झालं, तिसऱ्याचं शेवटपर्यंत झालं नाही.

चित्रपटाचा आधार रयुनोसुके अकुतागावा यांच्या दोन कथा आहेत. १९१५ च्या कथेतून वेस आणि नाव आलं, तर १९२२ च्या कथेतून खून आणि जबान्या. त्या दुसऱ्या कथेत सात जबान्या आहेत आणि शेवटी निकाल नाहीच. लाकूडतोड्याची दुसरी गोष्ट चित्रपटात नव्याने आली.

ऑगस्ट १९५० मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘राशोमोन’ला सप्टेंबर १९५१ मध्ये व्हेनिस महोत्सवात ‘गोल्डन लायन’ मिळाला. चित्रपट तिथे पाठवलाय, हे कुरोसावांना माहीतही नव्हतं. पुढच्या वर्षी मानद ऑस्करही मिळालं. कोलकात्यात तो आला तेव्हा सत्यजित राय यांनी सलग तीन दिवस जाऊन तीन वेळा पाहिला. १९५४ मध्ये तमिळमध्ये शिवाजी गणेशन यांचा ‘अंद नाळ’ आला, एका खुनाच्या अनेक कहाण्या सांगणारा आणि त्या काळात एकही गाणं नसलेला. अलीकडचं ओळखीचं उदाहरण म्हणजे मेघना गुलजार यांचा ‘तलवार’ (२०१५). त्यात साक्षीदारांऐवजी तपास करणारेच एकमेकांविरुद्ध गोष्टी सांगतात.

‘राशोमोन इफेक्ट’ म्हणजे हत्ती आणि आंधळे?

चित्रपटाचं नाव पुढे संशोधनाच्या भाषेत शिरलं. मानववंशशास्त्रज्ञ कार्ल हायडर यांनी १९८८ मध्ये ‘राशोमोन इफेक्ट’ या नावाने निबंध लिहिला. एकाच समाजाचा अभ्यास करून दोन अभ्यासक उलट निष्कर्षांवर का येतात, हा त्याचा विषय होता. २००१ मध्ये संख्याशास्त्रज्ञ लिओ ब्रायमन यांनी हेच नाव वेगळ्या गोष्टीला दिलं. एकाच डेटावर अगदी वेगवेगळी मॉडेल्स बसतात आणि जवळपास सारखीच अचूक ठरतात, मग खरं कारण कोणतं म्हणायचं?

बातम्यांत आणि गप्पांत मात्र ‘राशोमोन’चा अर्थ ढोबळ झालाय : हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट, ज्याची त्याची बाजू, सगळेच थोडे थोडे बरोबर. आमच्या गुरुजींनीही हेच सांगितलं.

पण त्या गोष्टीतले आंधळे प्रामाणिक आहेत. ज्याच्या हाताला सोंड लागली त्याला सोंडच कळली. सगळ्यांचं ऐकून जोडलं तर हत्ती उभा राहतो. आमच्याकडे असा वाद आहे : अकोला-खंडवा रेल्वेचा. हिवरखेडच्या स्टेशनातून जाणारी मीटरगेज गाडी २०१७ पासून बंद आहे. मोठी लाइन मेळघाटच्या जंगलातून जुन्याच वाटेने न्यायची की जंगलाला वळसा घालून, यावर प्रवासी, वळणावरची गावं आणि वन्यजीव कार्यकर्ते वेगवेगळं बोलत आले. अंतर, खर्च, गावं, वाघ. प्रत्येकाच्या हाताला हत्तीचा एकेक भाग लागलेला. कागद एकत्र ठेवले तर बोलणं पुढे जातं.

‘राशोमोन’मध्ये कोणीच आंधळं नाही. सगळे तिथे होते, सगळ्यांनी पाहिलं आणि तरी वेगळं सांगितलं. चार जबान्या जोडून हत्ती होत नाही, कारण त्या एकाच हत्तीचे भाग नाहीत.

मग खरं शोधायचंच नाही का?

इथे काकांचा काटा कामाला येतो. कापसाच्या व्यवहारात आयुष्य गेलेला माणूस. ते म्हणाले, “चार काटे मारेल असले, तं सरासरी काढून का होते? काटा कोन्या बाजूले झुकते ते पाहा लागते.”

इंजिनीअरिंगमध्ये आम्हाला हेच शिकवलं होतं. मोजमापातली चूक दोन प्रकारची असते. एक इकडे-तिकडे होणारी. अनेकदा मोजून सरासरी काढली की ती कमी होते. दुसरी एकाच बाजूला झुकलेली. तिथे हजार वेळा मोजलं तरी वजन चुकीचंच येतं. इलाज एकच : झुकाव कुठे आणि किती, ते शोधायचं आणि वजा करायचं.

आता जबान्या या काट्यावर ठेवा. डाकूच्या गोष्टीत तो शूर आहे. बायकोच्या गोष्टीत ती निराधार आहे, निष्ठुर नाही. सामुराईच्या गोष्टीत तो अब्रूसाठी मरतो. लाकूडतोड्याच्या गोष्टीत तिघांचीही लाज निघते, पण तो स्वतः फक्त बघ्या राहतो आणि खंजीर गायब असतो. माणसाचा फायदा म्हणजे फक्त पैसा किंवा सुटका नव्हे. फाशी चालेल, पण भित्रा म्हणून नको. मरण चालेल, पण नाक कापलेलं नको. आपल्याकडे हे कोणाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

न्यायालयंही काहीसं असंच करतात. साक्षीदार एका बाबतीत खोटा ठरला म्हणून त्याची सगळी साक्ष फेकून द्यायची, हा नियम भारतात बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय. सुपात पाखडल्यासारखे दाणे ठेवायचे, फोलपट उडवायचं. आजीच्या ‘मेलेलं माणूस खोटं बोलत नाही’ या समजुतीलाही कायद्यात नातेवाईक आहे : मृत्यूपूर्व जबानी. मरणाच्या दारात माणूस खोटं बोलणार नाही, हा त्यामागचा विचार. चित्रपटातला भिक्षूही मेलेल्यावर असाच विश्वास टाकू पाहतो. पण न्यायालय ही जबानीही पाखडूनच घेतं : बोलणारा शुद्धीवर होता का, कोणी पढवलं होतं का? पटली, तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते.

ज्यावर कोणाचाच वाद नाही, ते

पाखडल्यावर सुपात काय उरतं? सामुराईला फसवून बांधलं. त्याच्या बायकोवर बलात्कार झाला. तो मेला. खंजीर नाहीसा झाला.

यातली दुसरी गोष्ट आधी माझ्या बहिणीने पकडली, आणि पकडताना मलाही पकडलं. सबटायटलमध्ये डाकूने जबरदस्ती केल्याचं स्पष्ट होतं. समोर आजी बसलेली, बाबा बसलेले. मी वाचून सांगितलं, “त्यानं तिला त्रास दिला.” बहीण म्हणाली, “दादा, खाली लिहिलं काय अन् तू सांगून राह्यला काय!”

मी गप्प. चित्रपटात चार जण खोटं बोलत होते. खोलीत पाचवा मी होतो आणि कारणही तेच होतं. घरच्यांसमोर आपण सभ्य दिसावं.

तिचा मुद्दा पुढे होता. पूर्ण चित्रपट एकाच प्रश्नावर चालतो : नवऱ्याला कोणी मारलं? डाकू नंतर ती वश झाली म्हणून फुशारकी मारतो, पण जबरदस्ती तोही नाकारत नाही. तरी त्या गुन्ह्याबद्दल खटल्यात कोणी काही विचारत नाही. उलट पुरुषांच्या तिन्ही गोष्टींत बाईचीच परीक्षा होते : ती झुकली, तिने फितवलं, तिने डिवचलं. आजच्या अनेक प्रेक्षकांना हा चित्रपट पाहताना इथेच खटकतं आणि ते खटकणं रास्त आहे. आईने मात्र वेगळं काही पाहिलं होतं : “त्याहीपक्षा तिच्या नवऱ्यानं तिच्याकडे कसं पाह्यलं, ते पाह्य.”

विदर्भातली तीन न्यायालयं

बहिणीने मग त्यांच्या वर्गात शिकवलेलं प्रकरण सांगितलं. १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज. एका किशोरवयीन आदिवासी मुलीवर रात्री पोलीस ठाण्यातच अत्याचार झाल्याचा आरोप, आरोपी दोन पोलीस. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं, मुलगी खोटं बोलते म्हणून. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं : भीतीपोटी निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडलं : अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नाही.

पुरावा तोच, जबानी तीच. न्यायालयं तीन आणि तिच्या गप्प राहण्याचे अर्थ वेगवेगळे.

‘ज्याचं त्याचं सत्य’ म्हणून हे प्रकरण तिथे संपलं नाही, हे महत्त्वाचं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. न्यायालयाचा काटा कोणत्या बाजूला झुकलाय, ते त्यांनी दाखवलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं स्त्रीने न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच धरून चालायचं. उलट सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. पीडितेची ओळख छापायला बंदी आली, तीही त्याच वर्षीच्या दुरुस्तीने. प्रकरण त्या मुलीच्या नावाने देशभर ओळखलं जातं, पण इथे ते नाव लिहिलेलं नाही ते त्यामुळेच.

त्या मुलीला स्वतःला या बदलाचा उपयोग झाला नाही. आरोपी सुटले ते सुटलेच. पण ‘सत्य कळणं अशक्य’ असं म्हणून सगळे घरी गेले असते, तर पुढच्या एकीलाही झाला नसता.

मग शेवटी ते बाळ कशासाठी?

चित्रपटाच्या शेवटी वेशीत टाकून दिलेलं तान्हं बाळ रडू लागतं. वाटसरू त्याच्या अंगावरचे कपडे काढून घेऊन पळतो. लाकूडतोड्या हात पुढे करतो तेव्हा भिक्षूलाही संशय येतो, आता हाही ओरबाडणार. पण तो म्हणतो, घरी सहा आहेत, सातव्याने काय फरक पडतो. बाळ घेऊन निघतो. पाऊस थांबलेला असतो.

हा शेवट अनेक समीक्षकांना ओढूनताणून आणलेला वाटतो. हॉस्टेलवर आम्हालाही वाटला होता. यावेळी आजी म्हणाली, “खरं खोटं देव जाने. पन लेकराले उचललं ते तं आपन पाह्यलं नं?”

मला हे आधी सुचलं नव्हतं. जंगलातलं सगळं आपण कोणाच्या तरी तोंडून पाहतो. वेशीखालचं मात्र मध्ये साक्षीदार न ठेवता आपल्यासमोर घडतं. चोरी लपवणारा माणूस तोच आणि बाळ उचलणाराही तोच. त्याची एक गोष्ट खोटी निघाली म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. शेवटी हेही पाखडणंच झालं.

तुम्ही घरी पाहणार असाल तर एक करा. तिसऱ्या जबानीनंतर थांबवा आणि प्रत्येकाला विचारा : कोणाचं खरं आणि का? ‘का’चं उत्तर नीट ऐका. त्यातून चित्रपटापेक्षा घरची माणसं जास्त कळतात.

सुट्टी संपवून मी डेस्कवर परतलो. पहिल्याच दिवशी एक बातमी आली. कच्च्या मजकुरात ‘अतिप्रसंग’ लिहिलं होतं. हा शब्द मी आजवर किती वेळा तसाच पुढे पाठवलाय, मोजलेलं नाही. एफआयआरमधलं कलम उघडून पाहिलं आणि शब्द बदलून ‘बलात्कार’ केला.